झाकायचा राहिलेला टीव्ही

सांतो दोमिंगोच्या दुकानात, रांगेत उभ्या नेरेदा नावाच्या गिऱ्हाईकाच्या पुढे फाउस्तो आणि त्याची बहीण टीव्हीवरून हुज्जत घालत होते.

"ताई, हाच घेऊ. काळा रंग बघ, विहिरीसारखा."

"नको रे. हाही जुन्यासारखाच चकाकतो. तो मॅटवाला घे, त्यात प्रतिबिंब पडत नाही."

"बंद टीव्हीकडे कोण बघतं?"

"रोज दुपारी वीज जाते, तेव्हा दुसरं काय बघू?"

"म्हणजे?"

"आई गेली तेव्हा, आत्मा अडकू नये म्हणून आपण घरातले सगळे आरसे झाकले. टीव्ही झाकायचा राहिला. बंद पडद्यात सोफ्यावर माझ्या शेजारी बसलेली दिसते ती."

"ठाऊक आहे. मलाही दिसते."

"मग मॅटच घे ना."

"ताई, मॅटमध्ये ती दिसणार नाही, पण बसणार तर आहेच. चकाकणारा असला म्हणजे कुठं बसलीय ते तरी कळेल."