समोरच्या घराचा धूर
मापं घे ना, हवी तेवढी घे, भिंत कुठे पळून जात नाहीये—पण तुझ्या त्या विजेवर घर तापवायच्या मशीनसाठी भोक पाडायचं नाही, आधीच सांगते. र्‍होंडानं पाठवलं म्हणून तू आलास, कॉफी प्यायलास, झालं तुझं काम. लेक माझी तिकडे पोर्टलंडमध्ये बसते आणि आईच्या भिंतींना भोकं पाडायला इकडे माणसं धाडते. म्हणे, आई अठ्ठ्याहत्तरची झाली, शेगडीची लाकडं उचलवत नाहीत. कोण म्हणतं उचलवत नाहीत? पूर्वी चार ओंडके आणायचे एका खेपेला, आता दोन आणते—मग दोन खेपा होतात, तेवढंच चालणं.

काय बघतोस शेगडीकडे? तडा ना? आहे तडा, डाव्या अंगाला. माझा नवरा लिओ जाऊन चौदा वर्षं झाली, हा तडा त्याच्याही आधीचा. दर सप्टेंबरात मी त्यात लुकण भरते, मेपर्यंत राहतं. आणि ती शेगडीच्या दाराला टेकवलेली इस्त्री—दाराची खिटी तुटलीय म्हणून. हो रे, माहितेय, असं करू नये. धुराडं मात्र दरवर्षी साफ करून घेते, आणि ओलं लाकूड या शेगडीच्या तोंडी कधी पडलेलं नाही—मेपल दोन वर्षं वाळल्याशिवाय मी घरात आणत नाही. मागे बर्फाच्या पावसानं तारा तुटल्या, पाच दिवस वीज नव्हती, तेव्हा या रस्त्यावरची माणसं कुठे झोपली? इथे, या जमिनीवर. तुझी आईसुद्धा. विचार डोरीनला, माझ्या कानाशी घोरली ती पाच रात्री.

हं, तू म्हणणारच, मशीन स्वच्छ, मशीनला राख नाही. मर्ललाही हेच सांगितलं असशील. समोरचं ते पिवळं घर—त्याचं मशीन तूच बसवलंस ना ऑक्टोबरात? वाटलंच. बस. नाही, बस तू खाली. तुला बोल लावत नाहीये, मर्लच्या पोरांनी सांगितलं, तू बसवलंस.

मर्ल आणि मी अकरा वर्षं बोलत नव्हतो. बांधावरचं मेपल वादळात पडलं, निम्मं माझ्या बाजूला, आणि हा गडी सकाळी करवत घेऊन आला आणि अख्खं घेऊन गेला—मी खिडकीत उभी, मला विचारलंसुद्धा नाही. मी कानाला खडा लावला, या माणसाशी पुन्हा शब्द नाही. चर्चमध्ये तो डावीकडे, मी उजवीकडे. पण सकाळी उठलं की पहिली नजर कुठे? त्याच्या धुराड्यावर. साडेपाचला त्याचा धूर निघायचा. कधीकधी मी सव्वापाचलाच पेटवायची, मुद्दाम, बघू दे म्हटलं. आणि तोही बघायचा बरं का. एकदा मला ताप भरला, नऊ वाजेपर्यंत उठवलं नाही, शेगडी गार. कशीबशी दार उघडते तर पायरीवर ढलप्यांची टोपली, वाळक्या, बारीक फोडलेल्या, आणि बर्फात त्याच्या बुटांचे ठसे—आलेले आणि गेलेले. मेपलच्या ढलप्या होत्या. माझ्याच झाडाच्या, मेला. मी आभार मानले नाहीत. टोपली धुऊन त्याच्या फाटकाला अडकवून आले.

मग तुझं मशीन आलं आणि धूर बंद झाला. मी म्हटलं, बरं झालं, बस आता बटणं दाबत. आणि जानेवारीत तो स्वयंपाकघरात पडला. तिसऱ्या दिवशी टपाल टाकणाऱ्या बाईला पेटी भरलेली दिसली म्हणून ती आत गेली. घर कसं छान उबदार होतं म्हणे. मशीन चालू होतं ना. डॉक्टर म्हणाले, पहिला दिवसभर तरी तो जिवंत असणार. शेगडी असती आणि सकाळी धूर दिसला नसता, तर मी गेले असते रे. अकरा वर्षं बोलले नव्हते, तरी गेले असते. सहा वाजता गेले असते, कोट न घालता.

म्हणून तुझं मशीन मला नको. कळलं? र्‍होंडाला सांग, आई ऐकत नाही—हे ती काही पहिल्यांदाच ऐकत नसेल.

काय? नाही, दुसरं काही दिसलं नाही मला. म्हणजे—दिवा दिसत होता. स्वयंपाकघरातला. तीन दिवस जळत होता, भर दुपारीसुद्धा. बघितला मी. रोज बघितला. आणि म्हटलं काय, माहितेय? म्हटलं, जाळ दिवा दिवसाढवळ्या, येऊ दे चांगलं विजेचं बिल. हसलेसुद्धा. इथेच बसून, या खुर्चीत. र्‍होंडाला हे सांगितलेलं नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. मला त्याची आठवण येते. सकाळी उठते, अजून तिकडेच बघते, आणि मग शेगडी पेटवते—आणि पेटवताना मनात येतं की बाई, आता हा धूर बघणारं कोण आहे?

असं तोंड पाडून बसू नकोस, मी काही रडत नाहीये, धूर जातो डोळ्यांत—शेगडीच्या दाराची फट बुजवणारी दोरी बदलायला झालीय. गुंडाळ तुझी ती टेप. भोक पाडायचं नाही, मशीन बसवायचं नाही, शेगडी मी मरेपर्यंत इथून हलणार नाही, आणि हे मी हात जोडून सांगत नाहीये. थांब. तू रोज कामाला याच रस्त्यानं जातोस ना? किती वाजता, सातला? साडेसहाला माझा धूर असतो. जाताना गाडीतून जरा वर बघायचं. नसेल, तर उतरायचं. हॉर्न वाजवून भागवायचं नाही, उतरून आत यायचं, दाराला कडी नसते. आणि खिडकीत दिवा दिसला, म्हणून पुढे निघून जाऊ नकोस.

जा आता. दार ओढून घे, ऊब बाहेर चाललीय.