आजीच्या तुरीची सरासरी

मोताळ्याच्या बसस्थानकावर माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांचे सगळे बोलणे मला कळले, असे म्हणवत नाही.

"दादा, आजीची तूर नापास नाही झाली!"

"अनू, तुह्या गावोगावच्या पेरणीच्या प्रयोगात तं ते चार वाणांत शेवटची होती."

"काल म्या सगळे गावं अन् सगळे सालं एकात कालवून सरासरी काढली होती."

"अन् आज?"

"आज गावागावाच्या आकड्यांचा काप वेगळा केला. फंक्शन तेच, सरासरीचंच. त्याले फक्त सांगितलं, वाण अन् गाव वेगळे ठेव, सालांचीच सरासरी घे. हे पाह्य, आजीचं संग्रामपूर!"

"अरे बापा! पहिली?"

"तिन्ही वाणांच्या वर! डोंगराकडच्या हलक्या जमिनीत हेच चालते."

"पण नापास म्हणून आजी तं आज बियाण्याची दाळ भरडणार होती!"

"फोन लाव ना लवकर! स्पीकरवर टाक. आजी, दाळ नको करू, बी ठेव!"

"सकाळीच भरडली व माय."

"सगळी?"

"एक मडकं ठेवलं. तूच म्हणली होती ना, पुन्हा एकदा पाहीन म्हणून."