दोन उशांच्या आधाराने बसलेले सत्कारमूर्ती

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक साहेब, डॉक्टरबाई, मेट्रनबाई, समोर बसलेले सहकारी आणि रुग्णांचे नातेवाईक, आणि मधल्या खुर्चीत, गडगडू नयेत म्हणून दोन उशांच्या आधाराने बसवलेले आपले आजचे सत्कारमूर्ती, श्रीयुत कलिंगड!

मी एमआरआय विभागातला तंत्रज्ञ. बोलणं हा माझा प्रांत नव्हे. पण सत्कारमूर्तींची आणि माझी ओळख सगळ्यांत जुनी, म्हणून हा मान माझ्याकडे आला.

आमचं यंत्र नीट चालतंय का, हे रोज सकाळी पाण्याने भरलेल्या एका गोळ्यावर तपासतात. तो गोळा फुटला. नवा मागवला, तर खरेदी विभाग म्हणाला, "येईल." आता यंत्राला काय सांगायचं, थांब म्हणून? डोक्याएवढं, पाण्याने भरलेलं, आणि आत गेल्यावर न हलणारं असं काय मिळतं? मी बाजारात गेलो आणि यांना घेऊन आलो. खरं सांगतो, इतका शांत पडून राहणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

यंत्रातली प्रत्येक प्रतिमा आपोआप संगणकातल्या एका प्रोग्रामकडे जाते. आम्ही त्याला 'शहाणा' म्हणतो. मेंदूची प्रतिमा बघून दोन आजार वेगळे ओळखायचे, हे त्याचं काम. एक मल्टिपल स्क्लेरोसिस, दुसरा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. नावं जड आहेत, म्हणून आम्ही थोरली आणि धाकटी म्हणतो. दोघीही मज्जातंतूंवरचं आवरण खातात, वायरवरचं प्लास्टिक उंदरांनी कुरतडावं तसं. तोंडवळाही सारखा. पण थोरलीचं औषध धाकटीला दिलं, तर ती भडकू शकते. डोळा जाऊ शकतो.

शहाण्याने कलिंगडाची प्रतिमा पाहिली आणि सांगितलं: धाकटी. खात्री, सत्त्याण्णव टक्के.

त्या काळात संचालक साहेबांचा हुकूम होता की शहाण्याचा शब्द अखेरचा. साहेब हसताहेत, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही. तर कार्यालयाच्या संगणकाने लगेच खाट दिली. मेट्रनबाईंनी सत्कारमूर्तींना पांघरूण घातलं. मी म्हटलं, "अहो बाई, हे कलिंगड आहे!"

"संगणकात भरती आहे ना? मग मी कोण नाही म्हणणार? डोकं आलंय, बाकीचं मागाहून येईल."

डॉक्टरबाई फेरीला आल्या. "पेशंट कसा आहे?"

"शांत आहेत. जेवले मात्र नाहीत."

"नातेवाईक?"

"भाजीबाजारात."

सगळे हसले. डॉक्टरबाई मात्र हसता हसता थांबल्या. शेजारच्या खाटेवर या बसचालक ताई होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्यात त्या. ताईंच्या उजव्या डोळ्याला तांबडा सिग्नल फिकट गुलाबी दिसू लागला होता. शहाण्याने त्यांना थोरली सांगितली होती. खात्री तीच, सत्त्याण्णव. थोरलीचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कलिंगडाबद्दल जेवढी खात्री, तेवढीच हिच्याबद्दल? थांबवा ते इंजेक्शन."

ताईंचं रक्त तपासायला पाठवलं. निघाली धाकटी. म्हणजे शहाण्याचं निदान बरोबर होतं, फक्त माणूस चुकला होता! ताईंना धाकटीचं औषध सुरू झालं.

मग शहाण्याला घडवणाऱ्या इंजिनियर साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "बाई, त्याला दोनच उत्तरं शिकवली आहेत. काहीही दाखवा, दोनातलं एक देणारच."

"मग तिसरं शिकवा. 'माहीत नाही' म्हणू दे त्याला."

"माहीत नाही म्हणणारं यंत्र विकत कोण घेईल?"

"मी. मलाही पगार वेळेवर 'माहीत नाही' म्हणण्याचाच मिळतो."

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, येत नसेल तर उभा राहा. उभं राहण्यात लाज नाही. मी देवाला मानणारा माणूस आहे. सकाळी हात जोडतो तेव्हा मागणं एवढंच असतं, की न कळलेलं कळलं असं माझ्या तोंडून जाऊ नये. परवा शहाण्याला पुन्हा कलिंगड दाखवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: माहीत नाही. मंडळी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं पहिल्यांदा उभं राहिलं होतं.

आता नवा गोळा आला आहे. सत्कारमूर्ती सेवेतून आणि खाटेवरून एकाच दिवशी मोकळे होत आहेत. घरी पाठवताना 'बरा झाला' लिहायचं की 'सुधारणा नाही', यावर कार्यालयात अजून वाद आहे. अध्यक्ष महोदयांनी मघाशी कानात विचारलं की खाल्ल्याने आजार लागेल का. नाही, साहेब. हे मात्र माहीत आहे.

मेट्रनबाई, कापा. ताई, तुम्ही पुढे या. डावा डोळा हाताने झाका. झाकला? आता उजव्याने बघा. काय रंग दिसतोय?

माईक जवळ घ्या, मागे ऐकू जात नाही.

"लाल! लालभडक! कलिंगड आणखी कसं असतं हो, दादा?"

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सत्कारमूर्तींसोबत तेही पोटात घाला.