एकोणतिसाचा पाढा आणि सुंभ

आमच्या बबन्याला बाकावर बसवलं की पाढा यायचाच नाही. छडी खाऊनसुद्धा नाही. पण सकाळी बापाबरोबर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना तोच बबन्या मोठ्याने पाढे म्हणायचा, बिनचूक. गुरुजींनी एकदा ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीला काथ्याचा सुंभ बांधला. बबन्याने तो ओढायचा आणि पाढा म्हणायचा.

मग तपासणीला दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब, आले. गुरुजी शाळेचा खेळ करतात अशी तक्रार आधीच गेलेली, बदली ठरल्यातच जमा होती.

"हे काय बांधलंय? सोडा ते," साहेब म्हणाले आणि बबन्याकडे वळले. "एकोणतिसाचा पाढा म्हण."

बबन्या सुंभाकडे बघत राहिला.

गुरुजींनी सुंभ सोडला आणि सुटलेलं टोक साहेबांच्या हातात दिलं. "मग हे जरा आपण धरा."

साहेबांनी गोंधळून धरलं. बबन्याने दुसरं टोक पकडून, पाय रोवून असा हिसका दिला की साहेबांची टोपी पडली. पाढा सुरू झाला. मध्येच तो थांबला.

"सायबानु, सैल सोडू नकात," बबन्या म्हणाला. "माझो पाढो अडाकता."

साहेबांनी निमूटपणे पाय रोवले. पाढा तडीला लागला.

जाताना साहेबांनी तळहात बघितले आणि ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा जरा मऊ दोरी ठेवा."