नव्वद टक्के तलवार

आमच्या शिरीषचा गेम तुम्हाला सांगितला नाही का मी? दुबईत जबल अलीला प्लॅनिंग इंजिनीअर होता, राहायचा शेजारच्या अजमानला. घरी कॉम्प्युटरवर एकट्याने गेम बनवत होता. आपण योद्धा व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं आणि शेवटी राक्षस मारायचा. दर गुरुवारी आम्हा मित्रांना त्याची ईमेल यायची, अगदी साइटच्या रिपोर्टसारखी. 'गाव पूर्ण. नदी पूर्ण. एकूण प्रगती नव्वद टक्के.' वर्षभर ती प्रगती नव्वदच्या पुढे काही सरकली नाही. रेडी कधी होणार विचारलं की म्हणायचा, "नेक्स्ट फ्रायडे, इन्शाल्ला."

शेवटी एका शुक्रवारी, सुट्टीचं क्रिकेट सोडून आम्ही थेट त्याच्या घरी धडकलो. म्हटलं, यल्ला, चल, दाखव आता. बिचाऱ्याचा चेहरा उतरला, पण त्याने गेम सुरू केला. गाव खरंच सुंदर होतं. राक्षसाकडे जायला तलवार हवी, म्हणून मी माझ्या योद्ध्याला लोहाराकडे नेलं. स्क्रीनवर लोहाराचं उत्तर उमटलं, "तलवार नव्वद टक्के तयार आहे. पुढच्या शुक्रवारी या."

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

आम्ही हसून लोळायचंच काय ते बाकी होतं. शिरीष मात्र गंभीरपणे म्हणाला, "अरे, पात्रं खरी वाटायला हवीत ना."

चहा घेऊन आलेल्या वीणावहिनी स्क्रीन वाचून म्हणाल्या, "खराच आहे की. आमच्या बेडरूममधला पडद्याचा रॉडही हाच लोहार लावतोय."