ब्राझीलवालीच्या जागी

मी मूळची वडश्याकडची, झाडीपट्टीतली. आमच्या इकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, नाटकं लागतात, अन् त्या नाटकांत सतराव्या वर्षापासून मी हिरोइन. काय सांगू तुम्हाले ताई, मी बोलाले लागली की पार मागं बंडीवर बसलेला माणूसबी गप होये. दहा वर्षं केलं. मग लग्न झालं, नवरा एसीचा फोरमन, कतारले घेऊन आला, म्हणे आता कायचं नाटक, घर सांभाळ. सांभाळलं.

लेक रुचा, इंग्लिश मीडियमची. मराठी समजते तिले, बोलत नाही. तिनं मले स्टेजवर कधी पाह्यलंच नाही. मम्मी, यू, अॅक्ट्रेस, असं म्हणे अन् हसे. ते मले लागे.

तं इथं फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तयारी चालू होती, जाहिरातीसाठी ब्राझीलची मोठी नटी आली. लाइट लावेपर्यंत तिच्या जागी उभी राहाले तिच्याच उंचीची, तिच्याच रंगाची बाई पायजे होती. नवऱ्याच्या साइटवरून कोणीतरी माझं नाव दिलं. कोऑर्डिनेटर मल्याळी, म्हणे नीट उभ्या राहा, शेवटी गर्दीच्या शॉटमध्ये तुमचा चेहरा घेऊ, एकदम जवळून. मी रुचाले सांगितलं, तिनं शाळेत सांगितलं.

मेकअपवाली गोव्याची होती, तिनं त्या नटीचं सारं सांगितलं. गरिबाघरची, ट्रकमध्ये बसून गावोगाव नाटकं करत फिरली, मग सिनेमे, बक्षिसं, आता हॉटेलात शिरली तं लोक उठून उभे राहतात. मी म्हटलं ही तं माझीच कथा, अर्धी. उरलेल्या अर्ध्यात मी पोळ्या लाटल्या.

सेट इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोडाऊनात. मले तिच्यासारखाच पायघोळ झगा, तिच्यासारखेच उंच टाचेचे बूट. पण फळ्यांचा रंगमंच दिसला, दिवे लागले, अन् काय झालं मले, बूट काढले, फळीले हात लावून कपाळाले लावला अन् चढली. आमच्या नाटक कंपनीत चप्पल घालून कोणी चढला तं मालक खाली उतरवे. झग्याखाली कोणाले दिसलं नाही. दोन तास पुतळ्यासारखी उभी.

मग ती बूट घालून येऊन उभी राहिली, टाचेएवढी माझ्याहून उंच, अन् तिचं तोंड अंधारात, उजेड सारा गळ्यावर. सारे लाइट परत लावा लागले. कोऑर्डिनेटरनं माझे उघडे पाय पाहिले. मी म्हटलं स्टेजवर बूट कसे घालू भाऊ. तो म्हणे हे स्टेज नाही, गोडाऊन आहे, खलास, घरी जा. नटीनं विचारलं काय झालं, त्यानं सांगितलं, ती हसली. वाईट नाही हसली. पण हसली. दुसरी बाई उभी केली अन् मले बसमध्ये बसवून दिलं.

घरी रुचा एवढंच बोलली, बूट घालायला काय होतं, तेही इंग्लिशमध्ये.

मॅची सुरू व्हायच्याच आहेत, पण जाहिरात रोज लागते. नवरा आवाज वाढवते, रुचा चॅनल बदलते. परवा वाटलं, हिले एकदा दाखवावंच. उभी राहिली अन् जुना एक संवाद म्हटला, पोटातून, जसा तेव्हा म्हणत होती. आम्ही मुऐदर भागात एकाच व्हिलात चार-पाच घरं भाड्यानं राहतो, खोल्यांमधात प्लायवूडची भिंत, पलीकडच्यानं ती धडाधड ठोकली. रुचा म्हणे, मम्मी, प्लीज.

त्या बाईचं भलं होवो, तिनं कष्ट केले. माझं म्हणाल तं ताई, मी आता हळूच बोलते.