पाठीवरच्या नाड्या

टेलरबाईंच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. हातात एका राणीच्या जुन्या चित्राचा फोटो.

"अगदी अस्साच झगा हवा. फुगीर बाह्या, पाठीवर नाड्या."

"हौस दांडगी हो तुमची! पण ताई, राणीच्या दिमतीला दासी असायच्या. या नाड्या एकटीला बांधता यायच्या नाहीत."

"संग्रहालयात ह्यांनीच दाखवलं हे चित्र. म्हणाले, लग्नाच्या वाढदिवसाला शिवून घे, नाड्या मी बांधीन."

"मग काळजीच मिटली की!"

"उन्हाळ्यात गेले हो ते."

"अगं बाई... मग साधंच काहीतरी शिवू या ना."

"नको, असाच. पुढून चेन लावा. मागच्या नाड्या बांधलेल्याच शिवून टाका."

"घट्ट बांधू?"

"सैलच. त्यांना एक गाठ धड जमायची नाही."